रेकॉर्डसारखं

गळ्याचे लाड करायचे असतील तर माणसानं नोव्हेंबरात दिल्लीत राहू नये, आणि राहायचंच असेल तर गाऊ नये. मी दोन्ही करते. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग ज्येष्ठमध, मग शाळेत सातवी-आठवीच्या पोरांना सा रे ग म, मग घरी येऊन परत गुळण्या. आपल्या घरात बायकोपेक्षा बेसिनचा नळ जास्त बोलतो, असं हरीश म्हणतो. नवऱ्याला विनोद सुचला की मी तो मुकाट्यानं ऐकून घेते. भांडायलाही गळा लागतो, आणि तो मला जपून वापरावा लागतो.

मी पद्मजा. करोल बागेत जन्मले, तिथल्याच मराठी कुटुंबांत वाढले आणि लग्न करून नोएडाला आले. पोटासाठी शाळेत गाणं शिकवते आणि हौसेसाठी जॅझ गाते. जॅझ म्हणजे नक्की काय, हे आमच्या मराठी मंडळात कुणालाच ठाऊक नाही. ते ठाऊक करून घ्यायची कुणाला घाईही नाही. पण माझ्यावर एक शिक्का बसलेला आहे, 'प्रति-कुसुमावती'. तरुणपणी मी तो मोठ्या हौसेनं मारून घेतला होता. आता तो पुसता पुसत नाही.

कुसुमावती उजागरे हे नाव आमच्या लहानपणी घराघरांत होतं. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. वडील रेल्वेत कारकून, बदली होऊन दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मुलगी आधी चर्चमध्ये गायली आणि पुढे कॅनॉट प्लेसच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी जॅझ गायला लागली. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आज्यांनी तेव्हा नाकं मुरडली. मग तिची ती एक रेकॉर्ड निघाली. शब्द मराठी, चाल जॅझची. 'घर लांब आहे.' त्याबरोबर नाकं मुरडणाऱ्या त्याच आज्या देवघरात वाती वळताना 'घर लांब आहे' गुणगुणायला लागल्या.

गाणं अगदी साधं आहे. कामावरून परतणारी एक बाई चालते आहे आणि घर काही येत नाही, एवढंच. पण त्यातल्या 'लांब' या शब्दावर बाई ज्या तऱ्हेनं वर चढतात आणि तिथेच थांबून राहतात, तो सूर ऐकून मी लहानपणी खरोखर श्वास रोखून बसायची. मला आठवतंय, आमच्या शेजारच्या काकू पोळी तव्यावर करपू द्यायच्या, पण तो सूर संपेपर्यंत हलायच्या नाहीत.

आणि ऐन भरात बाईंनी गाणं सोडलं. का सोडलं, हे कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणे प्रेमभंग झाला, कुणी म्हणे देवाला बोलली होती, कुणी म्हणे पैसेवाल्यानं फसवलं. ज्याला जे आवडलं ते त्यानं पसरवलं. बाई दिल्लीतल्याच द्वारकेला भाचीकडे राहायच्या, कुठल्याही कार्यक्रमाला जायच्या नाहीत, सत्काराचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायच्या. मी दोनदा भेटायला जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा नकार मिळाला. म्हणून मी रेकॉर्डलाच गुरू मानलं. तिच्यातला एकेक श्वास पाठ केला. बाई कुठे दम घेतात, कुठे शब्द चावतात, कुठे किंचित हसतात, सगळं. आणि पट्टीही तीच, रेकॉर्डची. पट्टी म्हणजे गायक आपला सा जिथे धरतो ती उंची. बाकी काही बदललं तरी मी ती कधी बदलली नाही.

दिवाळीनंतर मंडळाच्या अण्णासाहेबांचा फोन आला. हे मंडळाचे अध्यक्ष, मंत्रालयातून सचिव म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्याचं अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

"पद्मजाताई, बसलाहात ना? बाईंनी होकार दिलाय! संपूर्ण संध्याकाळ त्यांच्या गाण्यांची, तुम्ही गायची, आणि बाई स्वतः पहिल्या रांगेत. आहात कुठे!"

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"फक्त एक," ते पुढे म्हणाले, "रेकॉर्डसारखं झालं पाहिजे हं. बिल्कुल तसंच. लोक त्याचसाठी येणार."

हे मला ऐकायची सवय आहे. सांगायची गोष्ट अशी की त्या आधीच्याच आठवड्यात मी गळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्यानं नाकातून नळी घालून पडद्यावर मला माझा स्वतःचा गळा दाखवला. स्वरतंतू सुजलेले, कडेला गाठी. "ऊँचा गाना छोड़ दीजिए मैडम," तो म्हणाला, "नहीं तो एक दिन बोलना भी छूट जाएगा." त्याच्या आवाजात दया होती, तिचा मला फार राग आला. घरी येऊन मी हरीशला सांगितलं की सर्दी आहे.

तर माझ्या मनात हिशेब सरळ होता. हा शेवटचा कार्यक्रम. यानंतर गाणं बंद, शाळा आणि गुळण्या तेवढ्या चालू. पण हा एक नीट करायचा, बाईंच्या पट्टीत, त्या सुरासकट. आणि त्यानंतर बाईंच्या तोंडून एकदाच ऐकायचं, की हो, हे माझंच गाणं आहे. बाकी मला काही नको होतं. आयुष्यभर ज्या बाईच्या सावलीत उभी राहिले, तिनं एकदा मान वळवून बघावं, एवढीही अपेक्षा जास्त असेल तर असू दे.

तालमी मानसच्या घरी व्हायच्या, आमच्याच नोएडात. मानस माझा पियानोवाला. पुण्याचा पोरगा, दिवसा कुठल्याशा कंपनीत कोडिंग करतो, संध्याकाळी त्याच बोटांनी पियानो वाजवतो. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

"ताई, एक सूर खाली घेऊ या ना यार," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "'लांब'वर तुमचा आवाज फाटतोय."

"पट्टी हलणार नाही."

"कुणाला कळणारे? मंडळात सगळे वड्याकडे डोळे लावून बसलेले असतात."

"बाईंना कळेल."

त्यानं खांदे उडवले. "आणि तसंही ही रेकॉर्ड विचित्रच आहे. धड एफ नाही, धड ई नाही. पियानो जुळवताना मला दर वेळी त्रास होतो. एफच्या केसभर खालीच लागते ती. असल्या पट्टीत कुणी बँड वाजवतो का?" एफ आणि ई ही पियानोवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची नावं.

"त्या काळी हॉटेलातला पियानोच उतरलेला असेल," मी म्हटलं. हे उत्तर मी आजवर प्रत्येक पियानोवाल्याला देत आले होते, आणि प्रत्येकानं ते ऐकून घेतलं होतं. मानसनंही घेतलं. मग मी गायले, 'लांब'पाशी आले, वर गेले आणि माझा आवाज शाळेच्या दाराच्या कडीसारखा कुरकुरला. मानसनं पाणी आणून दिलं.

जॅझवाले मला नेहमी टोमणे मारतात. तुझं स्वतःचं काय, असं विचारतात. आमच्या धंद्यात जुनं गाणं जसंच्या तसं गाणं हा जवळजवळ अपमान समजला जातो. प्रत्येकानं ते आपल्या गळ्यानं, आपल्या पट्टीत, आपल्या चालीनं गावं अशी रीत आहे. मंडळवाल्यांना मात्र नक्कल सोडून काही चालत नाही. या दोघांच्या कात्रीत मी इतकी वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर मी मंडळाच्याच बाजूची होते. मला बाई व्हायचं होतं. मी व्हायचं मला कधी फारसं सुचलंच नाही.

कार्यक्रमाचा रविवार आला. करोल बागेचा बाजार त्या दिवशी जरा शांत होता, म्हणजे दोन माणसं एकमेकांना न ढकलता शेजारून जाऊ शकत होती. आकाश राखाडी होतं, सूर्य होता की नाही कळत नव्हतं. मी गळ्याला मफलर गुंडाळून, थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन दुपारीच मंडळाच्या हॉलवर पोहोचले. स्टेजवर झेंडूच्या माळा लागत होत्या. मागच्या पडद्यावर बाईंचा तरुणपणीचा फोटो, आणि त्याखाली माझं नाव बाईंच्या नावापेक्षा थोड्या लहान अक्षरांत. ते मला योग्यच वाटलं.

आम्ही माइक तपासत होतो. मानस पियानोवर, ड्रम आणि बास गिटारची पोरं मागे. मी म्हटलं, 'घर लांब आहे' एकदा पूर्ण करून घेऊ. डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं नीट झालं. 'लांब' आला. मी वर गेले, तिथे पाय टेकतो न टेकतो तोच आवाज दुभंगला, एकाचे दोन झाले आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना गेले.

पोरांनी वाजवणं थांबवलं. मी डोळे उघडले. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांत, मधोमध, एक म्हातारी बाई स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली होती. शेजारी एक बाई मोबाइलवर ड्रायव्हरला सांगत होती, "हाँ भैया, पार्किंग में ही रहिए."

साधना, बाईंची भाची. तिनं फोन ठेवला आणि ओशाळून हसली. "सॉरी हं, आम्ही खूपच लवकर पोहोचलो. मला वाटलं द्वारकेहून येताना ट्रॅफिक मिळेल, तर संडेला रोड एकदम खाली! आत्याला म्हटलं गाडीत बसू, तर ती ऐकेल तेव्हा ना."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या एका माणसानं मला ऐकावं असं आयुष्यभर वाटत होतं, त्यानं मला पहिल्यांदा ऐकलं ते असं. मी स्टेजवरून उतरले, वाकून नमस्कार केला. बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला, तोही जरा घाईनं. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"अगं, एवढ्या वर कशाला गातेस?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुमचीच पट्टी आहे."

"माझी?"

"रेकॉर्डची. मी कधीच बदलली नाही," मी म्हणाले. त्यातला अभिमान माझ्याच मला ऐकू आला.

बाईंनी साधनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काठी टेकत उठल्या, पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या आणि मानसच्या शेजारी पियानोपाशी उभ्या राहिल्या. मानसनं खुर्ची दिली, त्यांनी ती नको म्हटली. एका बोटानं एक सूर दाबला. "हा," त्या म्हणाल्या. "मी इथून गायचे. ई फ्लॅट. बँडमध्ये सॅक्सोफोनवाले होते, त्यांना हाच सोपा."

मानसनं माझ्याकडे बघितलं. माझ्या पट्टीपेक्षा तो पूर्ण एक सूर खाली होता.

"पण रेकॉर्ड—" मी म्हणाले.

"ती त्यांनी पळवली होती." हे सांगताना बाईंचा आवाज दुधाचा भाव सांगावा इतका सपाट होता. "कंपनीच्या साहेबाला गाणं रडकं वाटलं. टेप जरा जोरात फिरवली की गाणं आखूड होतं, आवाज चढतो आणि बाई तरुण वाटते. सगळं एकदमच साधलं. मला ऐकवलीच नाही. दुकानात लागलेली ऐकली तेव्हा मी भावाला विचारलं, ही कोण रे गाते? छान गाते."

ड्रमवाल्या पोराच्या हातातली काठी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

मला राग आला. दुसरा काही शब्द नाही त्याला. पडद्यावर बघितलेल्या त्या गाठी मला आठवल्या. गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, थंड काही न खाणं, लग्नात आइस्क्रीमला नाही म्हणणं, मुलांवर ओरडायचं टाळणं, हे सगळं कशासाठी, तर एका साहेबानं फिरवलेल्या बटणासाठी? जो सूर कुठल्याच बाईच्या गळ्यातून कधी निघाला नाही, त्याच्यामागे मी गळ्याची वाट लावून घेतली होती.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?" मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "इतके लोक तुमचं गाणं गातात! मी गाते!"

"कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं. "आणि सांगून काय केलं असतं? रेकॉर्ड निघाली आणि हॉटेलात गर्दी व्हायला लागली. लोक लांबून यायचे. मी गायले की टाळ्या वाजवायचे आणि जाताना म्हणायचे, छान होतं, पण रेकॉर्डसारखं नाही झालं. एक झाला, दोन झाले, रोजचंच झालं. मॅनेजर म्हणाला, मॅडम, जरा वर घ्या ना. घेतलं. वर्षभर त्या पट्टीत गायले मी. गळ्यातून रक्त आलं, तेव्हा सोडलं."

"आत्या, हे तू मला पण नाही सांगितलंस," साधना म्हणाली.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? रेकॉर्डवरच्या त्या बाईनं मला हरवलं, झालं." त्यांनी माझा हात धरला. हात गार होता. "दमलीयस तू. तुझ्या गाण्यात ऐकू येतंय. मी ओळखते ते दमणं."

मी रडले नाही. रडलं की गळा बसतो, ही सवय इतकी जुनी की रडूसुद्धा परवानगी मागून येतं. राग कुठे गेला ते मात्र कळलं नाही. मी नुसती त्यांच्या शेजारी स्टेजच्या कडेवर बसून राहिले.

"बाई, आज मग काय करू?" मी विचारलं.

"ते मला नको विचारू. मी आज शाल घ्यायला आले आहे. या साधनानं फार हट्ट केला." मग जरा थांबून म्हणाल्या, "लोकांना रेकॉर्डच हवी असते. ते काही वाईट नसतात. त्यांनी ती आधी ऐकलेली असते, एवढंच."

तेवढ्यात अण्णासाहेब आले, बाईंना पाहून धावले आणि त्यांना चहाला घेऊन गेले. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "एक सरप्राइज ठेवलंय बघा."

संध्याकाळी हॉल भरला. द्वारका, नोएडा, गुडगाव, सगळीकडून मराठी माणसं आली होती, स्वेटर आणि शाली घालून, खोकत. दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. प्रमुख पाहुण्यांनी जॅझविषयी बोलायला सुरुवात केली आणि शिवाजी महाराजांवर संपवलं. बाईंना शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह देण्यात आलं, त्यांनी नारळ मांडीवर घेऊन हात जोडले. अर्धा गळा मी तिथे बसल्या बसल्याच दिल्लीच्या धुरकट हवेत घालवला. मग मी बाईंची बाकीची गाणी गायले, ती बरी झाली. ती कुणाला तितकी पाठ नाहीत, त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

शेवटचं 'घर लांब आहे'. अण्णासाहेबांनी माइक घेतला.

"मित्रहो, आता ज्या क्षणाची आपण वाट बघत होतो! पण आधी, अवघं एक मिनिट, आपण ऐकू या तो मूळ स्वर!"

हे ते सरप्राइज. स्पीकरमधून रेकॉर्ड वाजायला लागली. खरखर, मग तो पियानो, मग तो आवाज, पातळ, चमकदार, न थकलेला. 'लांब' आला आणि वर गेला. सगळ्या हॉलनं श्वास रोखला, माझ्या लहानपणीच्या काकूंसारखा. मी बाईंकडे बघत होते. दुसऱ्याच्या लग्नाचा आल्बम कुणी आग्रहानं दाखवावा, तसा त्यांचा चेहरा होता. सभ्य, आणि कंटाळलेला.

रेकॉर्ड थांबली. टाळ्या वाजल्या. मानसनं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही गाणारी माणसं स्टेजवर पट्टी बोटांनी सांगतो. एक बोट खाली धरलं की एफ, म्हणजे रेकॉर्डची. तीन बोटं खाली धरली की ई फ्लॅट, म्हणजे बाईंची. मानस वाट बघत होता. समोर शंभर माणसं त्या सुराची वाट बघत होती, आत्ताच ऐकलेल्या. तो माझ्याकडून लागला तर लागला. फाटला तर लोक म्हणतील, वय झालं, पण जिद्द बघा. आणि खाली गेले तर कुणालाच काही समजणार नव्हतं, फक्त वाटणार होतं की ही आज उतरली. हे सगळं कळत असूनही मी साडीच्या निऱ्यांजवळ तीन बोटं खाली धरली.

मानसनं पियानोवर पहिला सूर दिला, आणि हॉलमध्ये एक बारीकशी चुळबुळ झाली. लोकांना काय झालं ते कळलं नाही, पण कानांना कळलं. मी गायला लागले.

काय सांगू. खाली जागा होती. इतकी वर्षं मी त्या गाण्याच्या गच्चीवर एका पायावर उभी होते आणि खालच्या खोल्या कधी बघितल्याच नव्हत्या. 'घर' हा शब्द मला पहिल्यांदा नीट म्हणता आला. दम घ्यायच्या जागा मी विसरले आणि मला जिथे हवा लागली तिथे घेतली. 'लांब' आला, मी वर गेले, जेवढं जायचं तेवढंच, आणि तिथे थांबले. तो सूर चमकला नाही. तो दमलेल्या बाईचा होता. शब्दांत लिहिलेलं तेच तर होतं.

दुसऱ्या कडव्याला मला कुठून तरी आणखी एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं स्पीकर गुणगुणतोय. मग मी खाली पाहिलं. बाई गात होत्या. नारळ मांडीवर धरून, नजर कुठेही न ठेवता, ओठांतल्या ओठांत. आवाज घोगरा, कापरा, पण सुरावर बिनचूक बसलेला. मी माइकपासून मागे सरकले आणि अगदी हळू गायले, म्हणजे तो आवाज मला ऐकू यावा. मानसनंही बोटं हलकी केली. त्या पट्टीत बाईंना येता येत होतं, म्हणून त्या आल्या. साधना त्यांच्याकडे तोंडावर हात ठेवून बघत होती. तिसऱ्या रांगेपर्यंत तो आवाज पोहोचला नसणार. तिथे एक गृहस्थ मोबाइल बघत होते.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, मंडळात वाजतात तशा, उठता उठता. स्टेजवरून उतरताना लक्षात आलं की थर्मास मी उघडलाच नव्हता.

बाहेर वडे आणि कॉफी होती. बाई एका खुर्चीवर बसल्या होत्या, शाल अजून खांद्यावर, हातात वड्याची बशी. मी शेजारी उभी. अण्णासाहेब आले, चेहऱ्यावर खूप काही आवरून धरल्याचा भाव.

"पद्मजाताई, छान झालं. अं… छानच झालं. पण खरं सांगू का, मजा नाही आली. तुमची तब्येत बरी नाही का? तो 'लांब', तो वरचा, तो आलाच नाही." मग ते बाईंकडे वळले आणि अदबीनं वाकले. "शेवटी तुम्ही त्या तुम्हीच, बाई. तुमच्यासारखं नाही जमलं हो तिला."

बाईंनी वड्याचा तुकडा बशीत ठेवला. मान वर करून आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मलाही कधी नाही जमलं, अण्णासाहेब."

अण्णासाहेब खळखळून हसले. "बघा, बघा! याला म्हणतात मोठ्या माणसांचा विनय!" असं आजूबाजूच्यांना सांगत ते कॉफीच्या टेबलाकडे गेले. बाईंनी बशी माझ्या हातात दिली आणि मोकळ्या झालेल्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं, साधना गाडी घेऊन येईपर्यंत.